फर्मने एआय घेतलं, वकील ते वापरत नाहीत: अडचण कुठे असते आणि ती कशी सोडवावी

प्रश्न थोडक्यात असा: चाळीसेक वकिलांच्या एका फर्मने सगळ्यांना एआय सहायकाची लायसन्स दिली. विक्रेत्या कंपनीने दोन प्रशिक्षण सत्रं घेतली. सहा महिन्यांनी नोंदी पाहिल्या तर निम्म्याहून जास्त खाती महिनाभर उघडलेलीच नाहीत. ज्येष्ठ पार्टनर म्हणतात, "आमच्या कामाला ते उपयोगाचं नाही." ज्युनियर मात्र फर्मचं साधन सोडून स्वतःच्या फोनवर फुकटचा चॅटबॉट वापरतात, अशी कुजबुज आहे. आता काय करावं?

तिसरं प्रशिक्षण सत्र ठरवलं असेल तर आधी ते पुढे ढकला. लोकांना कसं वापरायचं ते कळलेलं नाही, असं धरून अशी सत्रं ठेवली जातात आणि बहुतेक वेळा तिथेच गफलत होते. बटणं कुठे आहेत ते वीस मिनिटांत कळतं. माणसं वापरत नाहीत, कारण वापरलं तर आपलं नुकसान होईल असं त्यांना वाटतं. कायद्याच्या फर्ममध्ये हे वाटणं बऱ्याचदा हिशेबाला धरूनच असतं. म्हणून पहिलं काम हा हिशेब मांडण्याचं. असोसिएटचा (फर्ममधल्या पगारी वकिलाचा) वेगळा, पार्टनरचा वेगळा, पॅरालीगल (वकिलाचा कायदेविषयक मदतनीस) आणि ग्रंथपालाचा वेगळा.

तासांचा हिशेब

समजा, असोसिएटला वर्षाला १,८०० बिलेबल तासांचं, म्हणजे अशिलाच्या बिलात लावता येतील अशा तासांचं, उद्दिष्ट आहे. करारांच्या एका गठ्ठ्याची छाननी करायला त्याला सहा तास लागायचे, आता दोन लागतात. उरलेल्या चार तासांचं काय? नवं काम आपण होऊन टेबलावर येत नाही, ते पार्टनरने द्यावं लागतं. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात तास कमी दिसतात आणि काम लवकर उरकलं हे मात्र कुठल्याच रकान्यात येत नाही. मग त्याच्यापुढे तीन वाटा उरतात. साधनाला हातच लावू नये. वापरावं, पण टाइमशीटवर सहाच तास लिहावेत. किंवा वापरावं, खरे दोन तास लिहावेत आणि स्वतःचं नुकसान सोसावं. तिसरी वाट धरणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात, आणि त्यांना बक्षीस म्हणून मिळते ती "तास कमी भरले" ही शेऱ्याची ओळ.

दुसरी वाट सरळसरळ गैरवर्तनाची आहे. अमेरिकन बार असोसिएशन या तिथल्या वकिलांच्या संघटनेने २९ जुलै २०२४ रोजी जनरेटिव्ह एआयबद्दल औपचारिक मत क्रमांक ५१२ दिलं. त्यात हे स्वच्छ लिहिलं आहे: तासावर बिल लावायचं असेल तर प्रत्यक्ष गेलेल्या वेळेचंच लावायचं. रोजच्या कामासाठी एखादं साधन शिकण्यात गेलेला वेळही अशिलाच्या बिलात घालता येत नाही. हे मत अमेरिकेतल्या वकिलांसाठी आहे, पण न केलेल्या तासांचे पैसे घेऊ नयेत हा नियम कुठल्याही देशातल्या वकिलाला नवा नाही.

यावर उपाय मोजणीत करावा लागतो, भाषणात नाही. तीन बदल बहुतेक फर्मना जमतात. एक, शिकण्याचे आणि पडताळणीचे तास उद्दिष्टात धरायचे. पहिल्या वर्षी माणशी चाळीस तास ही मर्यादा पुरते. त्याहून कमी दिले तर लोक ते गांभीर्याने घेत नाहीत, फार जास्त दिले तर पार्टनर मंडळी कुरकुर करतात. दोन, टाइमशीटमध्ये "एआय मसुद्याची पडताळणी" असा स्वतंत्र कोड काढायचा. त्यातले तास अशिलाला लावायचे की नाही ते पार्टनर ठरवेल, पण असोसिएटच्या खात्यात ते जमा झालेच पाहिजेत. तीन, सुरुवात ठरीव फीच्या कामांपासून करायची. तिथे वाचलेला वेळ फर्मच्या पदरात पडतो, म्हणून लपवायचं कारणच उरत नाही. तासावरच्या मोठ्या खटल्यापासून सुरुवात करणाऱ्या फर्म पहिल्याच महिन्यात अडकतात आणि दोष साधनाला देतात.

हे बदल नको असतील तर लायसन्सवरचा खर्च वाया गेला असं समजून चाला.

ज्येष्ठांचं "उपयोगाचं नाही"

याला नव्याची भीती म्हणून उडवून लावू नका. ज्येष्ठ वकिलाचा आक्षेप साधारण असा असतो: सही माझी, नाव माझं, आणि यंत्राने काय केलं ते मला दिसत नाही. यात चुकीचं काय आहे? न्यू यॉर्कच्या फेडरल न्यायालयात २०२३ मध्ये 'माटा विरुद्ध एव्हियांका' या प्रकरणात नेमकं हेच घडलं. संशोधन एका वकिलाने चॅटजीपीटीवर केलं आणि कागदावर सही दुसऱ्याने केली. सही करणाऱ्याने आपल्या सहकाऱ्यावर विश्वास टाकला, दाखला म्हणून दिलेले निवाडे उघडून पाहिले नाहीत. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. न्यायाधीश केव्हिन कॅस्टेल यांनी जूनमध्ये दोन्ही वकिलांना आणि फर्मला मिळून ५,००० डॉलरचा दंड केला. या आदेशातली शिकण्यासारखी गोष्ट बहुतेक प्रशिक्षणांत सांगितलीच जात नाही. समोरच्या बाजूने निवाड्यांबद्दल शंका घेतल्यावर वकिलांनी लगेच चूक कबूल केली असती तर चित्र बरंच वेगळं दिसलं असतं, असं न्यायालयाने लिहिलं आहे. म्हणजे यंत्राची चूक हा पहिला टप्पा होता, आणि ती निभावून नेण्याची माणसाची धडपड हा दुसरा. फर्मला दुसऱ्याची काळजी जास्त करावी लागते. ज्युनियरला पार्टनरसमोर "हे मी तपासलं नव्हतं" असं म्हणायची भीती वाटत असेल, तर कितीही चांगलं साधन घ्या, असं प्रकरण तुमच्याकडेही येऊ शकतं.

इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये 'आयिंडे' आणि 'अल-हारून' या दोन प्रकरणांवर एकत्र निर्णय दिला. अल-हारूनमध्ये ४५ दाखले दिले होते, त्यांतले १८ निवाडे अस्तित्वात नव्हते. आणि ते संशोधन वकिलाचं नव्हतं, अशिलाने स्वतः करून पाठवलं होतं. वकिलाने ते तसंच पुढे केलं. अशील आजकाल टिपणं, नोटिशीची उत्तरं, निवाड्यांच्या याद्या घेऊन येतात आणि वकिलाला वाटतं की ही त्याने कुणाला तरी विचारून आणलेली माहिती आहे. तेव्हा पडताळणीचा नियम फक्त "आपण एआय वापरलं असेल तर" एवढाच ठेवू नका. बाहेरून आलेल्या प्रत्येक दाखल्याला तो लावा. त्याच निर्णयात न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली: केवळ मार्गदर्शक सूचना काढून भागत नाही, फर्मच्या आणि चेंबरच्या (तिथल्या बॅरिस्टरांच्या एकत्रित कार्यालयाच्या) प्रमुखांनी प्रत्यक्ष परिणाम दिसेल अशी उपाययोजना करायला हवी. व्यवस्थापकीय पार्टनरला एक वाक्य ऐकवायचं असेल तर हे ऐकवा.

ज्येष्ठांना बरोबर घ्यायचं तर त्यांना मसुदा लिहायला सांगू नका, परीक्षक करा. त्यांच्या हातून गेलेल्या, निकाल लागलेल्या जुन्या फाइलवर साधनाला प्रश्न विचारा आणि उत्तर छापून त्यांच्यासमोर ठेवा: "यात काय राहिलंय ते सांगा." पंचवीस वर्षं वकिली केलेला माणूस दहा मिनिटांत तीन उणिवा काढतो. त्या उणिवा म्हणजेच तुमच्या फर्मची पडताळणी यादी. आणि त्याच दहा मिनिटांत त्याला हेही दिसतं की घटनाक्रमाचा तक्ता मात्र बरा बनला आहे. मत बदलतं ते इथे. सगळ्यांचं बदलत नाही, आणि बदलायची गरजही नाही. जो ज्येष्ठ फक्त युक्तिवाद करतो आणि मसुदे दुसऱ्याकडून घेतो, त्याच्या लायसन्सचा हट्ट सोडा. तपासायचं कसं तेवढं त्याला येऊ द्या.

गुपचूप वापर

लपूनछपून होणारा वापर बंदीने थांबत नाही, नजरेआड जातो. तो का होतो ते आधी पाहा. फर्मच्या साधनात शिरायला तीनदा पासवर्ड लागतो, ते घरून चालत नाही, किंवा अमुक फाइलवर ते वापरायची परवानगी आहे का हे कुणालाच ठाऊक नसतं. फोनवरचं अॅप दोन सेकंदांत उघडतं.

एक ठरावीक मुदत जाहीर करा, दोन किंवा तीन आठवड्यांची. या काळात कुणी काय वापरलं ते नाव न देता सांगावं, त्यावर कारवाई नाही. प्रश्न चारच: कोणतं साधन, कोणत्या कामासाठी, अशिलाची माहिती त्यात गेली का, आणि फर्मचं साधन का नको वाटलं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "हो" आलं तर ते कुणाला आणि कसं सांगायचं याची स्वतंत्र वाट द्या, कारण तिथे अशिलाला कळवणं भाग पडू शकतं आणि तेव्हा निनावी राहून चालत नाही. हे आधीच सांगा. माफी जाहीर करून नंतर नाव शोधत बसलात तर पुढची पाच वर्षं कुणी काही सांगणार नाही.

सार्वजनिक, फुकट साधनांत टाकलेला मजकूर पुढे मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरला जाऊ शकतो. खुलासा करायचा तो याचा. मत क्रमांक ५१२ म्हणतं की अशी स्वतः शिकत जाणारी साधनं वापरण्यापूर्वी अशिलाची समजून-उमजून दिलेली संमती लागते, आणि वकील नेमताना अशिलाशी होणाऱ्या करारपत्रातली ठोकळेबाज ओळ त्याला पुरत नाही. ज्युनियरला नियम पाठ असतो, पण तो कशाला लागू होतो ते कळत नाही. "अशिलाचं नाव काढलं की झालं" हा सगळ्यात पसरलेला गैरसमज. नाव काढलं तरी व्यवहाराची रक्कम, तारीख, मालमत्तेचं वर्णन आणि वादाचा मुद्दा यांवरून त्या क्षेत्रातला कुणीही अशील ओळखतो. प्रशिक्षणात एक नाव पुसलेली नोटीस ठेवा आणि सगळ्यांना अशील ओळखायला सांगा. मुद्दा मग समजावावा लागत नाही.

यासोबत एक छोटी दुरुस्ती करा, तिचा परिणाम अपेक्षेपेक्षा मोठा असतो. नवीन फाइल उघडण्याच्या अर्जात एक रकाना वाढवा: या कामावर एआय चालेल, चालणार नाही, की अशिलाला विचारायचं आहे. बऱ्याच मोठ्या अशिलांच्या बाहेरील वकिलांसाठीच्या अटींमध्ये एआयवर निर्बंध असतात आणि त्या अटी एका पार्टनरच्या ईमेलमध्ये पडून असतात. असोसिएटला माहीत नसतं. मग सावध असोसिएट कुठल्याच फाइलवर वापरत नाही आणि बेफिकीर असोसिएट सगळ्यांवर वापरतो. नोंदींत दिसणारा कमी वापर कित्येकदा या एका न विचारलेल्या प्रश्नामुळे असतो.

धोरण एका पानात मावलं पाहिजे. कोणतं साधन, कोणती माहिती कधीही टाकायची नाही, तपासणार कोण, नोंद कुठे ठेवायची आणि चूक सापडली तर पहिला फोन कुणाला. अठरा पानांचं धोरण वकील वाचतात, पण ते त्यातल्या पळवाटा शोधण्यासाठी. सवय जात नाही.

प्रशिक्षण, पण कशावर

विक्रेत्याचं प्रात्यक्षिक गुळगुळीत कागदांवर असतं, म्हणून पटत नाही. एकाच विभागातले पाच-सहा जण बसवा, दीड तास द्या, आणि फर्मचीच एक बंद झालेली फाइल घ्या, जिचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे. ती साधनात घालायला अशिलाच्या अटी आड येत नाहीत ना ते आधी पाहा. समजा वीस पुरवठा-करार आहेत आणि प्रश्न आहे: करार संपवायचा तर किती दिवसांची नोटीस?

साधन काही मिनिटांत वीस ओळींचा तक्ता देतं. तो देखणा असतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. आता गटाने मूळ कागद उघडून एकेक ओळ जुळवायची. साधारण अशा चुका निघतात. एका करारात मूळ मुदत साठ दिवसांची, पण पुरवणी कराराने ती नव्वद केलेली. पुरवणीच्या फाइलला दुसरंच नाव असल्याने साधनाने दोन्हींचा संबंध जोडला नाही. दुसऱ्यात परिशिष्ट तिरकं स्कॅन झालेलं, तिथे "तरतूद आढळली नाही" असा शेरा, प्रत्यक्षात तरतूद आहे. तिसऱ्यात तीस दिवस बरोबर, पण ते नोटीस मिळाल्यापासून मोजायचे की पाठवल्यापासून, हे तक्त्यात नाही. आणि खटला उभा राहिला तर भांडण नेमकं त्यावरच होणार.

या तीन चुकांपैकी एकही "रचलेली" नाही. खोट्या निवाड्यांच्या बातम्या वाचून वकील रचलेल्या गोष्टी शोधायला शिकलेत. राहून गेलेल्या गोष्टी शोधायला नाही. राहिलेली गोष्ट दिसतच नसल्याने ती शोधायची तर मूळ कागदाशी बसावंच लागतं. "आढळलं नाही" म्हणजे "नाही" असं नव्हे, हे एकदा हाताने करून पाहिलं की लक्षात राहतं. सत्राच्या शेवटी गटानेच ठरवावं: या प्रकारच्या कामात साधनाचा तक्ता कुठवर धरायचा आणि कोणत्या ओळी प्रत्येक वेळी मूळ कागदावरून तपासायच्या. बाहेरून आणलेल्या नियमापेक्षा हा नियम जास्त पाळला जातो.

कायद्यासाठीच बनवलेलं साधन आहे म्हणून निर्धास्त राहू नका. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२४ मध्ये लेक्सिसनेक्सिस आणि थॉमसन रॉयटर्स यांची कायदेविषयक एआय साधनं तपासली, तेव्हा चुकीची किंवा निराधार उत्तरं देण्याचं प्रमाण १७ ते ३३ टक्क्यांच्या दरम्यान निघालं. साधनं त्यानंतर बदलली आहेत, तरी "आमचं साधन थापा मारत नाही" या विक्रेत्याच्या वाक्यावर पडताळणी सैल करायला तेवढ्याने आधार मिळत नाही.

दाखला तपासायचा म्हणजे काय करायचं

"सगळं तपासून घ्या" ही सूचना निरुपयोगी आहे, कारण प्रत्येकाचा तपासण्याचा अर्थ वेगळा. कुणी नाव शोधून पाहतो आणि तपासलं म्हणतो. म्हणून पायऱ्या लिहून द्या.

निवाडा साधनाने दिलेल्या दुव्यावरून उघडायचा नाही. न्यायालयाच्या संकेतस्थळावर किंवा फर्मच्या नेहमीच्या डेटाबेसमध्ये स्वतः शोधायचा. पक्षकारांची नावं, न्यायालय, वर्ष आणि क्रमांक चारही जुळले पाहिजेत. खऱ्या क्रमांकावर भलताच निवाडा निघणं हा नेहमीचा प्रकार आहे. मग उद्धृत केलेला परिच्छेद शोधायचा आणि त्याच्या मागचे-पुढचे दोन परिच्छेद वाचायचे. ही पायरी सोडू नये, कारण साधन हरलेल्या पक्षाचा युक्तिवाद न्यायालयाचं मत म्हणून देऊ शकतं, किंवा अल्पमतातल्या न्यायाधीशाचं वाक्य निर्णय म्हणून. वाक्य अक्षरशः खरं असतं, म्हणूनच ते सापडतं आणि वाचणारा निश्चिंत होतो. त्यानंतर पुढे तो निवाडा फिरवला गेला आहे का ते पाहायचं. शेवटी यादीत परिच्छेद क्रमांक आणि तपासणाऱ्याची आद्याक्षरं. ज्याने साधनाला प्रश्न विचारला त्याने स्वतःचा मसुदा तपासायचा नाही. आपण मागितलेलं उत्तर मिळाल्यावर माणूस ते सैल नजरेने वाचतो.

साधनालाच "हा निवाडा खरा आहे का?" असं विचारणं ही तपासणी नव्हे. माटा प्रकरणात तसं विचारलं होतं आणि "हो" असंच उत्तर आलं होतं.

एका निवाड्याला दहा ते पंधरा मिनिटं धरा. वीस दाखले म्हणजे सुमारे सव्वातीन ते पाच तास. हा वेळ कामाच्या आखणीत धरलेला नसेल तर तपासणी दाखल करायच्या दिवशी संध्याकाळी होते, म्हणजे होत नाही. नियम असा ठेवा: दाखल करण्याच्या आदल्या दिवशी दुपारी यादी गोठवायची, त्यानंतर नवा दाखला घालायचा नाही. वेळेत तपासून झाला नाही तो दाखला मसुद्यातून काढायचा. वीसपैकी सहा निवाडे असे काढून टाकले तरी अर्जाचं फारसं बिघडत नाही, हेही यातून कळतं.

ज्युनियर शिकणार कसे

या सगळ्यातला सर्वांत अवघड प्रश्न हा आहे, आणि फर्म त्याच्याकडे सर्वांत उशिरा पाहतात. मसुदा तपासायला जी नजर लागते, ती मसुदे लिहून आलेली असते. पहिले मसुदे यंत्राने लिहिले तर पाच वर्षांनी तपासायला बसणार कोण? "ज्युनियरचा वेळ आता उच्च दर्जाच्या कामाला मिळेल" असं म्हणायला ठीक आहे, पण ते काम करायची पात्रता त्याने कुठे मिळवावी हे कुणी सांगत नाही.

व्यवहारात चालणारी पद्धत अशी. प्रत्येक प्रकारच्या कागदाचे पहिले तीन मसुदे ज्युनियरने साधनाशिवाय लिहायचे: नोटीस, लेखी जबाब, भाडेकरार, जे असेल ते. चौथ्यापासून साधन वापरावं, पण आधी अर्ध्या पानात स्वतःची मांडणी लिहायची: मुद्दे कोणते, क्रम कोणता, धोका कुठे. मग साधनाचा मसुदा घेऊन त्या अर्ध्या पानाशी ताडून पाहायचा. उलटा क्रम केला, म्हणजे आधी यंत्राचा मसुदा वाचला, तर स्वतःची मांडणी सुचेनाशी होते. समोरचा मजकूर डोक्यात बसतो आणि उरतं ते शब्द इकडेतिकडे करणं. सीनियरनेही लाल शाईच्या दुरुस्त्या ज्युनियरसमोर कराव्यात. पूर्वी त्या फाइलवर लिहून मिळायच्या. आता सीनियर स्वतःच साधनाला सांगून मसुदा दुरुस्त करून घेतो आणि ज्युनियरला त्यातलं काहीच दिसत नाही. आठवड्यातून अर्धा तास, एक मसुदा, दोघं एका टेबलावर. हा अर्धा तास बिल होत नाही, म्हणून सर्वांत आधी त्याच्यावरच गदा येते. वर सांगितलेल्या चाळीस तासांत तो धरा.

पॅरालीगल, ग्रंथपाल, टंकलेखक

नोकरीची धास्ती सर्वांत जास्त यांना असते आणि बैठकीला बोलावणं सर्वांत कमी यांनाच येतं. "कुणाचीही नोकरी जाणार नाही" असं म्हणायचा मोह आवरा, तसा निर्णय खरोखर झाला असेल तरच म्हणा. झाला नसेल तर जे ठरलं आहे तेवढंच आणि किती काळापुरतं ते सांगा: पुढचे बारा महिने या कारणाने कुणाला कमी करणार नाही, त्यानंतर पुन्हा बसू. अर्धवट खरं आश्वासन मोडलं की उरलेले लोक साधनातल्या चुका सांगायचं बंद करतात, आणि चुका सर्वांत आधी त्यांच्याच नजरेस पडतात. ग्रंथपाल असेल तर पडताळणीची जबाबदारी त्यांच्याकडे अधिकारासह द्या. "हा दाखला जाणार नाही" असं ते म्हणाले तर पार्टनरलाही तो पुढे नेता येऊ नये. अधिकार नसेल तर त्यांना या कामात ओढू नका, दोष तेवढा त्यांच्या माथी येतो.

कुणी चालवायचं आणि मोजायचं काय

तांत्रिक आवड असलेल्या एखाद्या ज्युनियरला प्रमुख नेमणं हा नेहमीचा डाव, आणि तो फसतो. तो पार्टनरला "नाही" म्हणू शकत नाही. जोडी लावा: ज्याच्या कायदेज्ञानाबद्दल दुमत नाही असा एक मधल्या फळीतला वकील आणि रोज साधन हाताळणारा एक ज्युनियर. दोघांच्या उद्दिष्टातून दहा टक्के तास कमी करा. कमी केले नाहीत तर हे काम रात्री होईल आणि तीन महिन्यांत बंद पडेल.

लॉगिन मोजू नका. मोजलेत तर लोक सकाळी येऊन लॉगिन करतील. त्याऐवजी एका विभागातला एकच प्रकारचा कागद धरा आणि चार गोष्टी लिहा: सूचना मिळाल्यापासून पहिला मसुदा यायला लागलेला वेळ, सीनियरच्या तपासणीत झालेल्या भरीव दुरुस्त्या, बिलातून माफ करावे लागलेले तास आणि पडताळणीत सापडलेल्या चुका. चौथा आकडा सुरुवातीला वाढला तर घाबरू नका, तो वाढायलाच हवा. सलग सहा आठवडे शून्य येत असेल तर साधन अचूक झालेलं नसतं, तपासणी थांबलेली असते. चुकांच्या नोंदवहीत माणसाचं नाव घालू नका. कागदाचा प्रकार, साधनाने काय दिलं, खरं काय होतं, कुठल्या पायरीवर सापडलं, एवढं पुरे. पंधरा मिनिटांच्या साप्ताहिक बैठकीत ती वाचायची, आणि पहिल्या दोन-तीन बैठकांत पार्टनरने स्वतःच्या फाइलवरची चूक आधी सांगायची. तो गप्प राहिला तर बाकीचेही गप्प राहतात.

तीन महिन्यांनी त्या एका कागदावर वेळ वाचला नसेल किंवा दुरुस्त्या वाढल्या असतील, तर तिथे साधन बंद करा आणि तसं सगळ्यांना सांगा. हे एकदा झालं की लोकांचा विश्वास बसतो की ही मोजणी आधीच ठरलेल्या निर्णयाला टेकू द्यायला चाललेली नाही. चाललं असेल तर पुढचा विभाग घ्या, एका वेळी एकच. लायसन्सचं नूतनीकरण येईल तेव्हा चाळीसच्या चाळीस पुन्हा घेऊ नका. मोजणीत ज्यांच्या कामाला उपयोग दिसला त्यांच्यापुरतीच घ्या, आणि वाचलेले पैसे पडताळणीसाठी चांगल्या निवाडे-डेटाबेसवर घाला.